दारूबंदीच्या जिल्ह्यात पिणारी गाडी

वर्धा जिल्ह्यात माणूस आजारी पडला तर त्याला सेवाग्रामला नेतात, नाहीतर सावंगीला. गाडी आजारी पडली तर तिला कुठेही न्यावं लागत नाही. डॉक्टर घरी येतात, न बोलावता येतात आणि फीऐवजी चहा घेतात. सकाळी किल्ली फिरवावी, गाडीनं नेहमीसारखं गुरगुरण्याऐवजी नुसतं ‘टक्’ करावं, की फाटकाबाहेरून आवाज आलाच म्हणून समजा, ‘‘काय झालं जी? सेल्फ नाही घेऊन राहिली का?’’

त्यानंतर बॉनेट उघडलं जातं. ते कोणी उघडलं हे मालकालाही सांगता येत नाही. भोवती सात-आठ डोकी वाकतात आणि प्रत्येक डोक्यात एकेक रोग आधीपासून तयार असतो. पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीत हे संमेलन मी इतक्या वेळा पाहिलंय, की त्यातले पक्षोपपक्ष मला पाठ झालेत. रेल्वेतून निवृत्त झालेले काका कट्टर धक्कावादी. गाडी पेट्रोलची असो, डिझेलची असो, त्यांचं मत ठरलेलं: ‘‘सेकंडवर टाका अन् क्लच सोडा.’’ गाडी ऑटोमॅटिक आहे, तिला क्लचच नाही, हे सांगितल्यावर ते गाडीकडे अशा नजरेनं पाहतात, की मुलगी बीएस्सी आहे पण चहा करता येत नाही असं कोणीतरी सांगितलं असावं.

दुसरा पक्ष दगडाचा. बॅटरीच्या टर्मिनलवर दगडानं दोन ठोके द्यायचे. दुर्दैव असं, की हा उपाय अधूनमधून लागू पडतो. टर्मिनल सैल असतं, त्यावर पांढरट हिरवी बुरशी धरलेली असते, ठोक्यानं शिसं शिशाला टेकतं आणि गाडी सुरू होते. खरा उपाय म्हणजे गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ते धुणं, नट आवळणं आणि वर व्हॅसलिन लावणं. पण त्यात पराक्रम नाही. दगड मारून गाडी सुरू केलेला माणूस पुढे दोन वर्षं गल्लीत मान ताठ ठेवून चालतो.

तिसरा पक्ष पोरांचा. ते बॅटरीकडे बघतच नाहीत, मोबाईलकडे बघतात. त्यातल्या व्हिडिओतला माणूस पंजाबातला असतो, गाडी भलत्याच कंपनीची असते, आणि तो शेवटी ‘लाईक करा’ म्हणतो तेव्हा ही पोरं खरोखर लाईक करतात. गाडी तशीच उभी असते.

या सगळ्यांत गाडी स्वतः काय म्हणतेय हे कोणी ऐकत नाही. वास्तविक ती बरंच काही सांगते. किल्ली फिरवल्यावर एकदाच ‘टक्’ झालं आणि दिवे मंदावले, किंवा ‘टकटकटकटक’ अशी झड लागली, तर बॅटरीत दम नाही. दिवे लख्ख आहेत, हॉर्न ठणठणीत आहे आणि तरी ‘टक्’च, तर सेल्फ किंवा त्याची जोडणी पाहावी. आणि गाडी ‘घर्र घर्र घर्र’ जोरात फिरतेय पण उठत नाहीये, तर बॅटरी बिचारी निर्दोष आहे. पेट्रोल, पंप, नाहीतर स्पार्क यांच्याकडे बोट दाखवा. एवढं ऐकून निम्मी भानगड मिटते. पण गर्दीला निदान नको असतं, कार्यक्रम हवा असतो.

तसं पाहिलं तर आमचा जिल्हा चालणाऱ्यांचा. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, पायी गेले. एप्रिलच्या अखेरीस वर्ध्यात पायी चालणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. विनोबा मार्च १९५१ मध्ये पवनारहून निघाले ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीपर्यंत चालत, आणि भूदानाच्या निमित्तानं पुढे तेरा वर्षं चालतच राहिले. दोघांनाही सकाळी निघताना कधी ‘टक्’ ऐकावं लागलं नाही. मधला मार्ग जमनालाल बजाजांकडे होता. त्यांच्या फोर्ड मोटारीला इंजिनाऐवजी पुढे बैल जुंपून ती वर्धा-सेवाग्राम रस्त्यावर चालवत आणि गमतीनं तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, अशी आठवण इथे सांगतात. त्या व्यवस्थेचा मोठा फायदा माझ्या मते असा, की बैल रात्री जे खातात ते समोर दिसतं. कडबा किती टाकला, किती उरला, हिशेब उघड. हल्लीची गाडी रात्रभर काय खाते-पिते, कोणाला कळत नाही.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. वर्धा हा गांधी जिल्हा, म्हणून इथे दारूबंदी. (बंदी म्हणजे नेमकं काय, या विषयात इथे शिरत नाही. जिज्ञासूंनी कुठल्याही वर्धेकराला विचारावं, पण चारचौघांत विचारू नये.) अशा जिल्ह्यात आमच्या शेजारच्या गुरुजींची गाडी रात्री गुपचूप पीत होती. तेही स्वतःचीच बॅटरी.

गुरुजी गणित शिकवून निवृत्त झालेले. गाडी छोटी, पाच माणसांची, पण त्यांच्या कुटुंबात सात बसतात. दिवाळीनंतरच्या एका सकाळी ती उठली नाही. गुरुजींनी बॅटरी दुकानदाराला दाखवली. त्यानं एक चिमट्याचं यंत्र लावलं, काटा पडला, त्यानं हळहळून मान हलवली आणि नवी बॅटरी बसवली. त्याचं निदान खोटं नव्हतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं ही बातमीच नसते, आणि तापमान दहा अंशांनी चढलं की बॅटरीच्या पोटातली झीज साधारण दुप्पट होते असा ढोबळ हिशेब आहे. मेअखेरचा नवतपा बॅटरीला मारतो, पण अंत्यविधी थंडीत होतो. उन्हाळ्यात पातळ झालेलं इंजिनाचं तेल थंडीत घट्ट होतं, गाडी फिरवायला जोर जास्त लागतो, आणि मेमध्येच आतून संपलेली बॅटरी डिसेंबरात मान टाकते. घरचे म्हणतात, थंडी बाधली.

पण चौथ्या दिवशी नवी बॅटरीही बसली. तिला मे महिना माहीतही नव्हता. मग मात्र गुरुजींच्या दारात नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी जमली. रेल्वेवाले काका म्हणाले, ‘‘आजकालच्या बॅटऱ्याच बोगस.’’ यावर सर्वांचं एकमत झालं, कारण आजकालचं काहीही बोगस असतं यावर आमच्या गल्लीत एकमत होतंच.

बॅटरीची बाजू घ्यायला कोणी नव्हतं म्हणून मी घेतो. शिशाच्या बॅटरीचा शोध फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली लावला. नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला तो १८६२ साली. म्हणजे वयानं ती आमच्या जिल्ह्यापेक्षा मोठी, पण मान काडीचा नाही. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ बसला, तोपर्यंत लोक पुढे हँडल घालून इंजिन फिरवत आणि इंजिन उलटं फिरलं तर मनगट मोडून घेत. आपल्याकडे अँबेसिडर आणि फियाटच्या डिक्कीतही ते हँडल असायचं. ज्यांनी ते फिरवलंय ती माणसं अजून हात दाखवून सांगतात. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं ही पेटी मुकाट्यानं आपली मनगटं वाचवतेय आणि आपण तिला बोगस म्हणतो.

गुरुजींची गाडी शेवटी पोचली आर्वी नाक्याकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. टपरीवजा दुकान, छताला टांगलेले जुने डायनमो. (नव्या गाडीत असतो तो अल्टरनेटर, पण आमच्याकडे अजून डायनमोच म्हणतात आणि त्यानं तो काही कमी चार्ज करत नाही.) मी सोबत गेलो होतो. गल्लीतले आणखी तिघं स्वतःहून आले होते. गुरुजींचे नागपूरचे जावईबापूही होते. ते दोन दिवसांसाठी आले होते आणि त्यांच्या हातात वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचं पाकीट होतं.

इलेक्ट्रिशियननं पहिला प्रश्न विचारला, ‘‘गुरुजी, गाडीत नवीन काय लावलं?’’

‘‘काहीच नाही.’’

तो हसला. हे उत्तर तो रोज ऐकत असणार. माणूस डॉक्टरला बिड्यांचा खरा आकडा सांगत नाही आणि इलेक्ट्रिशियनला गाडीत काय काय लावलंय ते सांगत नाही. ‘काहीच नाही’ यात मागचा कॅमेरा येतो, रिमोटचं लॉक येतं, डॅशबोर्डखालचा निळा दिवा येतो, मुलगा कुठे फिरतो ते पाहायला लपवलेला जीपीएस येतो, आणि किल्ली काढली तरी गाणं चालू राहावं म्हणून म्युझिक सिस्टीमच्या लाल-पिवळ्या वायरी एकत्र पिळून दिलेल्या असतात तेही येतं.

मग त्यानं जे केलं ते पाहण्यासारखं होतं. सगळं बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. एका जुन्या होल्डरमध्ये गाडीच्या टेललाइटचा बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी, टोकाला चिमटे. एक चिमटा काढलेल्या केबलला, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला. गाडी झोपली असेल, तर बल्ब विझलेला राहायला हवा. बल्ब लागला. अगदी मंद, तारेपुरता लाल, पण लागला.

‘‘पाहा,’’ तो म्हणाला, ‘‘बॅटरी मरून नाही राहिली जी, तिले मारून राहिले. गाडी रातभर पिऊन राहिली.’’

गुरुजींच्या चेहऱ्यावर ते भाव आले, जे चांगल्या घरातला पोरगा रात्री कुठे जातो हे पहिल्यांदा कळल्यावर येतात.

नंतर मीटर निघाला. मीटर लावायच्या आधी त्यानं एक अट घातली: कोणी दार उघडायचं नाही. हल्लीच्या गाडीत किल्ली काढली म्हणजे सगळं लगेच बंद होत नाही. आतले कॉम्प्युटर एकेक करून झोपतात, त्याला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. तोवर मीटर भलतेच आकडे दाखवतो. रिमोटची चावी गुरुजींच्या खिशातून काढून लांब चहाच्या टपरीवर ठेवली. दाराच्या कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून गाडीची समजूत घातली की दार लागलेलं आहे. आम्ही चहा घेत थांबलो. अठराव्या मिनिटाला रेल्वेवाले काका ‘जरा पाठ टेकतो’ म्हणाले आणि दार उघडून मागच्या सीटवर बसले. आतला दिवा लागला, सगळे कॉम्प्युटर जागे झाले, मीटरचा आकडा उसळला. इलेक्ट्रिशियननं काही न बोलता आणखी चहा सांगितला.

अर्ध्या तासानं मीटरनं खरं काय ते सांगितलं: ०.६० अँपिअर. आता गुरुजींच्यातलं गणित जागं झालं. झोपलेल्या गाडीनं फार तर ०.०५ अँपिअर घ्यावेत, घड्याळ, लॉक, कॉम्प्युटरची आठवण वगैरे सांभाळायला. ही बारापट घेत होती. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. दहा तासांच्या रात्रीत सहा गेले. सकाळी दूध, संध्याकाळी देऊळ, एवढ्या फेरीत परत किती भरणार? गुरुजींनी मागच्या पावतीवर त्रैराशिक मांडलं आणि म्हणाले, ‘‘चौथा दिवस. बरोब्बर येतो.’’ उत्तर ताळ्याशी जुळल्यावर त्यांना झालेला आनंद पाहून मला वाटलं, आता हे दुरुस्तीलाच नको म्हणतात की काय.

नेमकं कोण पितंय हे शोधायची रीत साधी आहे. मीटर तसाच ठेवून फ्यूज एकेक करून काढायचे. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या ओळीत चोर. एक काढला, ०.६०. दुसरा, ०.६०. असं करत पेटीतले सगळे फ्यूज बाकावर ओळीनं मांडून झाले, गाडी आतून पूर्ण रिकामी, आणि मीटर जवळपास तिथेच ठाम. पोरांच्या पक्षातला एकजण म्हणाला, ‘‘करणी असंन.’’

इलेक्ट्रिशियन परत बॅटरीकडे वळला. पॉझिटिव्ह टर्मिनलवर कंपनीच्या केबलशेजारी आणखी एक जाडजूड लाल वायर होती, सीटखाली गेलेली, स्वतःचा वेगळा फ्यूज घेऊन. फ्यूजपेटीला वळसा घालून ती थेट उगमावरून पाणी उचलत होती. त्यानं सीटखाली हात घातला आणि काढला. ‘‘हात लावून पाहा गुरुजी.’’ थंड सकाळी खाली काहीतरी उबदार होतं. मे महिना असता तर ही परीक्षा बाद होती. मे महिन्यात आमच्याकडे बंद पडलेला कूलरही गरम लागतो.

तो गाण्यांचा अँप्लिफायर होता. त्याला एक बारीक वायर असते, म्युझिक सिस्टीम सुरू झाली की जागं कर आणि बंद झाली की झोपव, असं सांगणारी. ती म्युझिक सिस्टीमला जोडायच्या ऐवजी कोणीतरी सरळ त्याच जाड वायरीच्या चालू करंटला जोडली होती. म्हणजे अँप्लिफायर दिवाळीपासून अहोरात्र टक्क जागा होता, गाणं नसलेलं गाणं वाजवत.

‘‘ही वायर कोणाची आहे जी?’’ इलेक्ट्रिशियननं विचारलं.

कोणी बोललं नाही. जावईबापू गोरसपाकच्या पाकिटावरचा मजकूर फार लक्ष देऊन वाचायला लागले. दिवाळीला त्यांनीच स्वतःच्या हातानं सासऱ्यांच्या गाडीत तो अँप्लिफायर बसवला होता आणि सगळ्या आळीनं त्यांचं कौतुक केलं होतं. सासऱ्यानं जावयाला ‘बारीक वायर चुकली’ असं सांगण्याची सोय आपल्या संस्कृतीत कुठेच केलेली नाही. उलटसुद्धा नाही.

इलेक्ट्रिशियननं एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा जावयांकडे. वर्षानुवर्षं लोकांच्या गाड्या उघडणाऱ्या माणसाला घरं वाचता येतात. तो गंभीरपणे म्हणाला, ‘‘उंदीर.’’

‘‘उंदीर?’’

‘‘उंदरानं वायर कुरतडली. शॉर्ट झालं. मी करून देतो.’’

बारीक वायर पाच मिनिटांत योग्य जागी गेली. मीटर ०.०३ वर आला. घरी पोचताच गुरुजींच्या सौभाग्यवतींनी पिंजरा मागवला, आणि तो अजून त्या गाडीखाली लावलेला असतो. खऱ्या उंदरांवरही अन्याय झाला असं म्हणवत नाही. ते आमच्याकडे खरोखरच वायरी खातात, त्यांच्या खात्यावर ही एक जास्तीची जमा झाली इतकंच.

गुरुजींची गाडी सुटली, पण आमच्या जिल्ह्यात एक मोठा वर्ग असा आहे, ज्याच्या गाडीत चोर नसतोच आणि तरी बॅटरी बसते. ती पुण्याच्या पोरांची गाडी. पोरगा हिंजवडीत, आईबाप वर्ध्यात, आणि ‘तुम्हाला दवाखान्यात जायला बरी’ म्हणून घेऊन दिलेली गाडी अंगणात, वर मेणकापड. आईबाप दवाखान्यात ऑटोनं जातात, कारण गाडीला ओरखडा पडला तर? कायदेशीर ०.०५ अँपिअरनंसुद्धा ३५ची बॅटरी ७०० तासांत, म्हणजे महिन्याभरात, कोरडी होते. सेल्फ तर त्याच्या कितीतरी आधी संप करतो. मग पोरगा फोनवर सांगतो, ‘बाबा, दर रविवारी पाच मिनिटं चालू ठेवत जा.’ बाबा ठेवतात. आठवड्यात आठेक अँपिअर-तास जातात, पाच मिनिटांच्या जागच्या जागी गुरगुरण्यात त्यातला चिमूटभरच परत येतो. शिवाय बाबा एसी लावून बसतात. पोरगा दिवाळीला येतो, किल्ली फिरवतो, ‘टक्’. मग पुण्याचं पोरगं आणि वर्ध्याचे बाबा यांच्यात बॅटरीवरून जे बोलणं होतं, ते बॅटरीबद्दल नसतं.

त्या बाबांनी एवढंच करावं: महिनाभर गाडी हलणार नसेल तर दहा नंबरचा पाना घेऊन निगेटिव्ह केबल काढून ठेवावी. घड्याळ चुकेल, रेडिओची स्टेशनं जातील, बाकी काही बिघडत नाही. टोपणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी पाहावी आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावं. नळाचं नको, बोअरचं तर मुळीच नको, आणि ‘जरा तेज यावं’ म्हणून ॲसिड तर आपल्या शत्रूच्याही गाडीत घालू नये.

बाकीच्यांना विनंती एकच. नवी बॅटरी घेण्याआधी जुनीला दोन प्रश्न विचारा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरवर १२.६ व्होल्ट आहेत का? ते १२.२ वर आले असतील तर निम्मी संपली. आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास आहेत का? नसतील तर डायनमो चार्ज करत नाही, नवी बॅटरीही चार दिवसांत बसणार. दोन्ही उत्तरं बरोबर असूनही सकाळी ‘टक्’ ऐकू येत असेल, तर बल्ब लावून पाहणारा माणूस गाठा, आणि त्यानं ‘नवीन काय लावलं?’ विचारलं तर कृपा करून खरं सांगा. जावई सोबत असेल तर त्याला आधी चहाला पाठवा.

आणि उन्हाळ्यात वर्ध्याकडे यायचं असेल तर जंपर केबल डिक्कीत ठेवून या. इथे गाडीला धक्का द्यायला बारा माणसं लगेच मिळतात, केबल एकाकडेही नसते.